सेप्सिसमध्ये ताप नाही, उलट अंग गार?

परळहून विचारतेय. आई ७४ वर्षांची, लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस (इन्फेक्शनशी लढताना शरीराची प्रतिक्रिया हाताबाहेर जाऊन अवयवांनाच धोका) झाल्यामुळे आयसीयूत. ताप नाहीच, ३५.२ सेल्सिअस! तेही मुंबईच्या मे महिन्यात. शेकायची पिशवी नेली, तर सिस्टरनी दारातच अडवलं. का?

— आयसीयूत वीस वर्षं नर्स आहे, मीही अडवलंच असतं. म्हातारपणी कधी कधी ताप चढतच नाही. ३६च्या खाली गेलेला पेशंट मला तापवाल्यापेक्षा जास्त धास्ती देतो. पिशवीने कातडी भाजते, पेशंटला कळतही नाही. शिवाय भरभर गरम केलं की रक्तवाहिन्या सैल पडून बीपी कोसळू शकतं. म्हणून गरम हवेचं ब्लँकेट, हळूहळू. मूळ इलाज अँटिबायोटिकच.

— पायमोजे चालतील का, विचारा. आमच्या बाबांना चालले.

— आज आईचं ३६.४. एसीमुळे गारठली समजून एसीला उगाच शिव्या घातल्या मी!