साक्ष्य, साक्ष की पुरावा?

टिपणवही: विधी महाविद्यालयातल्या मुलांसाठी नव्या फौजदारी कायद्यांची मराठी टिपणं काढतेय आणि एका शब्दावर अडलेय. 1872चा कायदा आपण ‘पुरावा अधिनियम’ म्हणत आलो. 1 जुलै 2024पासून त्याच्या जागी ‘भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023’ आला. नाव आहे तसंच ठेवणार, पण आत काय लिहू? ‘साक्ष्य’ लिहिलं की मुलं ‘साक्ष’ समजतात, पिंजऱ्यात उभं राहून दिलेली. कलम 2च्या व्याख्येत तर कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीही येतात.

उलटतपास: ताई, ‘पुरावा’च लिहा. साक्ष माणसाची, पुरावा कशाचाही. तालुका कोर्टात साक्षीदाराला आपल्या वकिलाने (सरतपास), समोरच्याने (उलटतपास) आणि पुन्हा आपल्याने (फेरतपास) विचारून झालं की साक्ष संपते. पुरावा संपतो तो वकिलाने पुरसिस, म्हणजे ‘आमचा पुरावा संपला’ असं लेखी निवेदन, दिल्यावर. हा फरक पक्षकारालाही कळतो.

धातुपाठ: संस्कृतही तुमच्याच बाजूने आहे. पाणिनीचं सूत्र आहे, ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’. साक्षी म्हणजे ज्याने स्वतः पाहिलं तो, आणि साक्ष्य हे त्याचं. मोबाइलमधल्या चित्रफितीला डोळे कुठून येणार? हिंदीत अर्थ रुंदावला, तो मराठीवर का लादायचा?

उलटतपास: आणि पुरसिस ही पुराव्याचीच बहीण असणार, पुरं झालं म्हणून पुरसिस.

धातुपाठ: नाही हो. ती फारसी, ‘पुर्सीदन’ म्हणजे विचारणे. पुराव्याशी काही नातं नाही.

उलटतपास: असेल. पण आमच्याकडे पुरसिशीत कोणी काही विचारत नाही, आपलं म्हणणं लिहून देतात. अर्थ वापराने ठरतो.

धातुपाठ: मग ‘साक्ष्य’ही वापराने रुळेल, तेव्हा तक्रार करू नका!

तिसरं_वर्ष: मला शब्दापेक्षा कलमांचे आकडे छळतात. ई-एससीआरवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या संकेतस्थळावर, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे निवाडे शोधायला नवं कलम 63 टाकून बसले होते. महत्त्वाचा निवाडा आहे 2020चा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जालन्याच्या निवडणुकीचा. त्यात मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच असं ठरलं. पण तिथे सगळीकडे जुन्या कायद्याचं कलम 65ब! टिपणांत जुनं कलम कंसात द्याच. खुनाच्या कलम 302चं 103 झालं, अटकपूर्व जामिनाच्या 438चं 482, आणि जुने खटले जुन्याच कलमांखाली चालू आहेत.

टिपणवही: देते. शब्दाचं मात्र राहिलंच.

मुद्रितशोधक: त्याआधी दुसरी चूक थांबवा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं नाव वर्तमानपत्रं सर्रास ‘नागरी सुरक्षा संहिता’ छापतात. मूळ नाव ‘नागरिक सुरक्षा’ आहे. ‘नागरी’ केलं की नागरी संरक्षण दल आठवतं, नाहीतर दिवाणी कायदा.

उलटतपास: ‘फौजदारी प्रक्रिया संहिता’ म्हटलं की आत काय आहे ते नावातच कळायचं. ‘नागरिक सुरक्षा’ वाचून अटक, जामीन, दोषारोपपत्र कोणाला सुचेल?

धातुपाठ: फौजदारी, दिवाणी, वकील, जामीन हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. शिवाजी महाराजांनी अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करवला तो याचसाठी.

उलटतपास: आणि साडेतीनशे वर्षांनीही लोक जामीनच मागतात. मुळात जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. माझे आजोबा गावात तिघांना ‘जामीन राहिले’ होते. आता जामीन ‘मिळतो’. त्याचं कुठे काय बिघडलं?

टिपणवही: तूर्त शीर्षकात साक्ष्य, आत पुरावा, असं लिहितेय. पण ‘साक्ष्य’ म्हणजे साक्ष नव्हे, ही टीप पहिल्याच पानावर देऊ की कलम 2पाशी?

मुद्रितशोधक: आधी ‘नागरी’चं ‘नागरिक’ करा.