कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा: नुसतं ‘किती प्रेम’ म्हणून थांबायचं का?

जालन्याची लेक: हैदराबादला कोठीची जुनी रेसिडेन्सी बघून आले. बागेत त्याच इमारतीची छोटी प्रतिकृती आहे. निजामाच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेम्स कर्कपॅट्रिकने पडद्यातल्या खैरुन्निसा बेगमसाठी ती करवली, असं सांगतात. सोबतचे सगळे ‘किती प्रेम!’ म्हणत होते. मला ते पटेना. आपला मराठवाडाही तेव्हा निजामाकडेच. 1795 ला खर्ड्यात मराठ्यांकडून हरल्यावर निजामाने 1798 ला इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. दरबारात ज्याचा शब्द खाली पडत नव्हता, त्याच्याशी पंधराच्या आसपासच्या पोरीचं लग्न. बरोबरीचं कसं म्हणायचं?

औंढेकर: ताई, तुम्ही एकच बाजू सांगायलात. तिचं दुसरीकडे ठरलेलं होतं, ते तिला नको होतं. आई-आजी तिच्या पाठीशी होत्या. कर्कपॅट्रिक मुसलमान झाला, निकाह लावला, गव्हर्नर-जनरल वेलस्लीची चौकशी अंगावर घेतली. बाईला मर्जीच नव्हती म्हणणं हा तिचाच अपमान आहे.

जालन्याची लेक: मर्जी होतीच, दादा. पण 1805 ला पाच वर्षांच्या आतली दोन्ही लेकरं विलायतेला धाडली. साहिब आलमचा विल्यम झाला, नूरुन्निसाची कॅथरीन. इथं राहून पोराला काय मिळणार होतं? भारतीय आईच्या मुलांना कंपनीने 1791 पासूनच मोठ्या नोकऱ्या बंद केल्या होत्या. 1805 लाच नवरा कलकत्त्यात वारला. पुढे त्याचाच सहायक हेन्री रसेल तिच्या आयुष्यात आला आणि तिला सोडून त्याने दुसरीशी लग्न केलं. 1813 ला ती गेली, लेकरं पुन्हा दिसलीच नाहीत.

पूर्णाकाठ: ही तर बेगम, म्हणून नाव तरी राहिलं. गोऱ्या साहेबांकडे राहिलेल्या कितीतरी बायांचा मृत्युपत्रात नुसता ‘बीबी’ म्हणून उल्लेख, तोही असला तर. 1864 च्या छावणी कायद्याने छावणीतल्या वेश्यांची गुप्तरोगासाठी सक्तीने तपासणी व्हायची, गोऱ्या सोल्जरची नाही.

औंढेकर: ते मान्य. पण आपल्या देशमुखांच्या वाड्यावर ठेवलेल्या बाईला तरी लेकरावर हक्क होता का? सगळं पाप इंग्रजांच्या माथी कशाला?

जालन्याची लेक: नव्हता, आणि तेही बोललंच पाहिजे. पण वाड्यावरचं लेकरू निदान गावात तरी दिसायचं. कॅथरीनने पस्तीसेक वर्षांनी आजीला पत्रात लिहिलं, की निघताना आई जिथं बसली होती ती जागा अजून डोळ्यांपुढं आहे, आणि आई आपले लांब केस उपटत होती.