कल्याणच्या सोसायटीचा ग्रुप : आमण्याचं स्टेडियम आणि आपला पडघा रोड

स्नेहा म्हात्रे (बी-302): नमस्कार सगळ्यांना. आज परत पडघा रोडच्या गांधारी पुलावर पाऊण तास!! शाळेची बस मधोमध अडकली, पोरांनी दुपारचा डबा बसमध्येच खाल्ला. आणि घरी येते तर ह्यांनी मोबाईलवर दाखवलं की पलीकडे भिवंडी तालुक्यात आमण्याला 1 लाख लोकांचं क्रिकेट स्टेडियम करायचं घाटतंय. आहे त्या रस्त्याचं आधी बघा ना कोणीतरी

निनाद (बी-701): ताई ती बातमी 2024 च्या जुलैपासूनची आहे. एमसीएने, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनने, आमण्याच्या 50 एकराच्या आसपासच्या जागेसाठी निविदा भरली होती, जागा एमएसआरडीसीची, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाची. मग 16 मे 2025 ला वानखेडेवर रोहितच्या नावाच्या स्टँडचं उद्घाटन झालं तेव्हा मुख्यमंत्री पण बोलले की 1 लाखाचं स्टेडियम करा, जागा देतो. आपल्या उंबऱ्यावर इंटरनॅशनल मॅच, आणि तुम्ही चिडताय काय

स्नेहा म्हात्रे (बी-302): चिडू नको तर काय करू. तू घरून काम करतोस, तुला पूल दिसत नाही

देशपांडे काकू (सी-104): पाणी कुठून आणणार?

शेख भाई (सी-401): सलाम सबको. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला उघडला, तेव्हापासून नाशिककडच्या गाड्या थेट आमण्याला उतरतात. त्यातल्या कल्याणला येणाऱ्या बापगाववरून गांधारीलाच येणार, दुसरीकडून कुठून येणार. वर भिवंडीच्या गोडाऊनचे कंटेनर. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या कार्यक्रमाच्या वेळी नवी मुंबईत अवजड गाड्यांना बंदी होती, माझ्या गाड्या उरणवरून हलल्याच नाहीत, मालवाला फोन करून करून वैतागला. इथे मॅच असली की तेच होणार. बंदी घाला, हरकत नाही, पण ट्रक थांबायला जागा द्या. टर्मिनस नाही तर ड्रायव्हर रस्त्याच्या कडेलाच गाडी लावतो, मग तो रस्ता अर्धा उरतो

जाधव (डी-601): रस्त्याच्या कडेचं सोडा, आपल्याच सोसायटीत माझ्या जागेवर रोज ती पांढरी एर्टिगा कोणाची असते?

साठे सेक्रेटरी: जाधव साहेब, तो विषय मीटिंगमध्ये घेऊ. 🙏

जाधव (डी-601): मागच्या मीटिंगमध्ये पण हेच ऐकलं

सायली (सी-303): मी 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला होते, महिलांच्या वर्ल्ड कप फायनलला! पाऊस आला, मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तरी एक माणूस उठला नाही. हरमन आणि पोरींनी दक्षिण आफ्रिकेला 52 रन्सनी हरवलं तेव्हा शेजारच्या अनोळखी काकू मला मिठी मारून रडल्या. म्हणून मी स्टेडियमच्या बाजूने आहे हे आधीच सांगते. पण जाताना ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळला उतरले आणि चालत गेट गाठलं. येताना खूप रात्र झाली म्हणून दादा घ्यायला आला, त्याने गाडी कुठे लावली होती विचारू नका, मी आणि मैत्रीण चालून चालून दमलो. तिथे स्टेशन आहे तरी ही परिस्थिती. आमण्याला स्टेशन कुठलं?

निनाद (बी-701): मेट्रो 5 होतेय ना, ठाणे-भिवंडी-कल्याण

सायली (सी-303): ती कल्याणला संपते निनाद. कल्याणहून पुढे काय, रिक्षा?

पाटील काका (ए-203): रिक्षावाले मॅचच्या दिवशी मीटर टाकतील असं ज्याला वाटतं त्याने हात वर करा

शेख भाई (सी-401): 😂😂 मीटर आजच कुठे टाकतात

देशपांडे काकू (सी-104): माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. पाणी कुठून आणणार?

पाटील काका (ए-203): काकू मी सांगतो. माझं मूळ गाव पडघ्याच्या बाजूला. भातसा धरणाचं पाणी पिसे-पांजरापूरवरून मुंबईला जातं, त्या जाड पाइपांवर बसून आम्ही लहानपणी बोरं खाल्ली. पण आईने पाणी विहिरीवरूनच भरलं, डोक्यावर दोन हंडे. आजही तिकडच्या पाड्यांवर मार्च-एप्रिल आला की टँकरची वाट बघतात. उद्या तिथे हिरवंगार मैदान रोज भिजणार आणि पलीकडे बाया हंडे घेऊन उभ्या, हे मला बघवणार नाही. स्टेडियमला माझा विरोध नाही, पण पहिली नळजोडणी गावांना, मग मैदानाला

निनाद (बी-701): काका पटलं. खरंच

कुलकर्णी काका (ए-502): सर्वांस नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणात गेली. स्टेडियम म्हटलं की लोक खुर्च्या आणि फ्लडलाइट बघतात, पण ते चालतं ते जमिनीखाली. माणशी फक्त 10 लिटर धरा, पिणं आणि स्वच्छतागृह मिळून. 1 लाख माणसं म्हणजे 10 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर, एका संध्याकाळचे. आणि हे पाणी दिवसभर सावकाश वापरलं जात नाही. टी-ट्वेंटीत दोन डावांच्या मधे 20 मिनिटांचा ब्रेक, तेवढ्यात सगळे एकदम उठतात. त्या 20 मिनिटांत जे सांडपाणी खाली येतं त्याच्यासाठी मोठी साठवण टाकी लागते, तिच्यातून ते हळूहळू पंप करून प्रक्रिया केंद्रात न्यायचं. टाकी नसेल तर मॅनहोलचं झाकण उचलून बाहेर येतं, कुठे, तर रस्त्यावर

स्नेहा म्हात्रे (बी-302): बाप रे काका, हा विचारच डोक्यात आला नव्हता

देशपांडे काकू (सी-104): पण ते 10 लाख लिटर कुठून आणणार, कुलकर्णी? आपलं पाणी उल्हास नदीचं. त्यातलंच तोडून देणार का? आत्ताच आठवड्यातून एकदा बंद असतं

कुलकर्णी काका (ए-502): वहिनी, प्यायला शुद्ध पाणी द्यावंच लागेल, पण मैदान आणि फ्लश प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर सहज चालतात. बेंगळुरूत 2024 ला पाण्याची बोंब होती, तेव्हा चिन्नास्वामी स्टेडियमला कब्बन पार्कच्या प्रक्रिया केंद्राचंच पाणी देऊन आयपीएल झाली. आपल्याकडे उलटं झालं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि हायकोर्टाने 30 एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅच राज्याबाहेर न्यायला लावल्या. 2018 ला पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमसाठी पवना धरणाचं पाणी उचलायलाही कोर्टाने मनाई केली. कोर्टात जायची वेळ येऊ द्यायची नसेल तर दोन वेगळ्या पाइपलाइन पहिल्या नकाशातच हव्यात. बांधून झाल्यावर दुसरी लाईन टाकायची म्हणजे सगळं फोडायचं

जाधव (डी-601): पाण्यावरून आठवलं, मागच्या महिन्याचं टँकरचं बिल डी विंगवर जास्त का लावलं?

साठे सेक्रेटरी: जाधव साहेब, ऑफिसला या, वह्या दाखवतो. इथे नको.

जाधव (डी-601): इथे नको कारण सगळे वाचतील म्हणून?

साठे सेक्रेटरी: मी चार वर्षं विनामोबदला काम करतोय. एवढंच लिहितो.

पाटील काका (ए-203): दोघांनीही शांत व्हा. साठेंनी खूप केलंय आपल्यासाठी आणि जाधवांचा हिशोबाचा प्रश्न पण रास्त आहे. उद्या दोघांना माझ्याकडे चहा

स्नेहा म्हात्रे (बी-302): काका पुराचं पण बोला ना. 2021 च्या जुलैत गांधारी पूल बंद केला होता, आठवतंय ना सगळ्यांना

कुलकर्णी काका (ए-502): तोच तर मोठा मुद्दा. आज तिथे भातखाचरं आहेत. खाचराला बांध असतो, पाणी थांबतं, मुरतं, सावकाश ओढ्याला लागतं. त्याच 50 एकरावर छप्पर, काँक्रीट आणि पार्किंग आलं आणि 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळपास 2 कोटी लिटर पाणी लगेच वाहून निघणार. आपल्याकडे जुलैत एका दिवसात 100 मिलिमीटर ही काय अपूर्वाई नाही. 2019 ला ह्याच उल्हास नदीच्या पाण्यात बदलापूर-वांगणीमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. म्हणून त्या जागेतच पावसाचं पाणी अडवून ठेवणारा तलाव किंवा भूमिगत टाकी हवी. मुंबईत हिंदमाता चौकात पाणी तुंबायचं तिथे मैदानांखाली टाक्या बांधल्याच ना. इथे तर मोकळी जमीन आहे, आधीच करता येतं

निनाद (बी-701): पार्किंगला सच्छिद्र पेव्हर टाकले तर, म्हणजे पाणी खाली मुरू देणारे?

कुलकर्णी काका (ए-502): चांगली सूचना. लिहून ठेव

देशपांडे काकू (सी-104): गावांना नळ आधी, हे पण लिहा

शेख भाई (सी-401): लाईटचं काय? पडघ्याला 400 केव्हीचं एवढं मोठं सबस्टेशन, आणि त्याच्या सावलीतल्या गावात पंखा फिरत नाही

कुलकर्णी काका (ए-502): शेखभाई, मोठ्या सबस्टेशनमधून थेट कोणाच्या घरात वीज येत नाही, मधली उपकेंद्रं आणि फीडर, म्हणजे तिथून निघणाऱ्या वीजवाहिन्या, लागतात. स्टेडियमला स्वतःचं उपकेंद्र आणि दोन बाजूंनी फीडर हवा, एक गेला तर दुसरा. गावाच्या फीडरवर त्याचा भार टाकायचा नाही, हे कागदावर हवं. आणि आता रस्त्याबद्दल, मग थांबतो. आपल्या गेटसमोरचा तो खड्डा बघा, मेडिकलच्या समोरचा. दर पावसाळ्यात बसतो. केबलसाठी चर खणला, माती एकदम लोटली, थराथराने पाणी मारून धुम्मस करून दाबली नाही, वर डांबर फासलं. खालची माती बसली की वरचं डांबर बसणारच. स्टेडियमच्या रस्त्याला हे नको. खोल सांडपाण्याची लाईन, तिच्या वर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची, कडेला पावसाळी गटार, फुटपाथखाली केबलसाठी डक्ट, आणि रस्ता ओलांडणारे मोकळे पाइप आधीच टाकलेले, म्हणजे उद्या कोणालाही नवीन केबल न्यायची तर डांबर फोडावं लागणार नाही. हे सगळं झाल्याशिवाय डांबराची गाडी येताच कामा नये

स्नेहा म्हात्रे (बी-302): हे वाचूनच बरं वाटलं. कोणीतरी असं कधी बोलतच नाही

निनाद (बी-701): काका खरं सांगू, मला वाटलं तुम्ही लोक विरोधच करणार. गेटसमोर मोकळं मैदान पण मागा. 4 जून 2025 ला चिन्नास्वामीच्या बाहेर 11 जणांचा जीव गेला. आरसीबी जिंकली म्हणून ट्रॉफी बघायला, खेळाडू बघायला आलेली माझ्या वयाची पोरं. मी त्या दिवशी टीव्ही बंदच केला. तिथे मेट्रो आहे, शहराच्या मधोमध आहे, तरी गेटपाशी माणसं चेंगरली. इथे अॅम्ब्युलन्सला वेगळी लेन नसेल तर कल्याणपर्यंत पोचणार कशी?

सायली (सी-303): 😔 अगदी बरोबर निनाद

पाटील काका (ए-203): बंदोबस्ताचं पण बघा. पडघा पोलीस स्टेशन ठाणे ग्रामीणला, पूल ओलांडला की ठाणे शहर आयुक्तालय. पुलाच्या त्या टोकाला एकाचं चालणार, ह्या टोकाला दुसऱ्याचं. मॅचच्या दिवशी एकच कंट्रोल रूम पाहिजे

जाधव (डी-601): मॅचच्या दिवशी आपलं व्हिजिटर पार्किंग भाड्याने द्या, टँकरचे पैसे सुटतील

पाटील काका (ए-203): जाधवसाहेब आधी एर्टिगावाला सापडू द्या 😂

जाधव (डी-601): हाहा बरं

देशपांडे काकू (सी-104): हसा, पण पाण्याचा मुद्दा खाली ढकलू नका. मी 1987 पासून कल्याणात आहे. दर वेळी आधी इमारती उठल्या, मग पाइप आले, तोवर बायकांनी पाणी भरलं

साठे सेक्रेटरी: काकू, नाही ढकलत. असं करू, सोसायटीच्या लेटरहेडवर निवेदन. विरोधाचं नाही, मागणीचं. कुलकर्णी काकांनी मसुदा करावा. एमएसआरडीसी, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमसीए आणि आपल्या आमदारांना प्रत. निविदा-नकाशे पक्के झाल्यावर कोणी ऐकत नाही, म्हणून ह्याच आठवड्यात.

कुलकर्णी काका (ए-502): रात्री बसतो. पान-दीड पानाच्या वर नेणार नाही, लांब निवेदन कोणी वाचत नाही. पाणी आणि गावांच्या नळजोडण्या पहिल्या परिच्छेदात, मग सांडपाणी, पावसाचं पाणी, मग रस्ता. निनाद, सायली, तुम्ही गर्दी, बस आणि गेटचा भाग लिहून द्या, तुम्ही दोघं मॅचला जाता, तुमच्या शब्दांत येऊ दे

सायली (सी-303): हो काका. कल्याण स्टेशनहून मॅचच्या तिकिटावरच शटल बस, आणि बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं. फायनलला ती रांग अर्ध्या स्टँडभर होती, दोन ओव्हर गेल्या माझ्या

शेख भाई (सी-401): ट्रक टर्मिनसचा मुद्दा विसरू नका. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या सह्या मी आणतो

स्नेहा म्हात्रे (बी-302): शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मी टाकते. आणि मॅचच्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला पुलावर कोणतीही बंदी किंवा वळवावळवी नको, हे माझ्याकडून एक वाक्य घाला

पाटील काका (ए-203): गावच्या सरपंचांना मी भेटतो रविवारी. त्यांच्या सहीशिवाय हे निवेदन अर्धं आहे. आपण शहरवाले बोलतोय, जमीन तर त्यांच्या शेजारची

साठे सेक्रेटरी: उत्तम. शनिवारी सकाळी 8 ते 10 ऑफिस उघडं ठेवतो, प्रत्येक फ्लॅटमधून एकाने येऊन सही करावी. जाधव साहेब, तुम्ही जरा आधी आलात तर टँकरच्या वह्या पण बघून घेऊ.

जाधव (डी-601): येतो. सही पण करतो. पार्किंगचा विषय सोडलेला नाही

देशपांडे काकू (सी-104): मसुदा टाइप झाला की आधी मला दाखवा