८ ओहमचा लोड मोजताना

भाऊ, तुम्ही लिहिलं की भजनी मंडळाच्या अॅम्प्लिफायरसाठी आणलेला ८ ओहमचा लोड रेझिस्टर (चाचणीत स्पीकरऐवजी जोडायचा रोध) मल्टिमीटरवर ८.४ दाखवतो, म्हणून तो परत करणार. थांबा. मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवून पाहा, ०.३-०.४ ओहम बहुतेक प्रोबच्या वायरींचेच निघतील. बेंच सप्लायची (टेबलावरच्या, करंट-व्होल्टेज ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्याची) करंट लिमिट १ अँपियर ठेवा, तो करंट रेझिस्टरमधून सोडा आणि प्रोब थेट त्याच्या टर्मिनलवर लावून व्होल्टेज वाचा. ८.०२ व्होल्ट आले, तर ८.०२ ओहम.

खरी परीक्षा तापल्यावर आहे. अॅल्युमिनियम बॉडीवर छापलेले १०० वॅट हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवल्यावरचे असतात; मोकळ्या हवेत पुष्कळ कमी धरा. त्यातही तो हिशेब साधारण २५ अंशांचा, आणि आपल्या अकोल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५ च्या खाली कुठे येतं! म्हणून असे चार घ्या. दोन-दोन सिरीजमध्ये, मग दोन्ही जोड्या पॅरलल. ओहम आठच राहतात, ताकद चौपट होते. खाली थर्मल पेस्ट लावाच. पूर्ण लोडवर तापवा आणि गरम असतानाच ओहम पुन्हा मोजा.

असा रेझिस्टर वायरवाउंड, म्हणजे तार गुंडाळून केलेला असतो; त्या गुंडाळीच्या इंडक्टन्सला (बदलत्या करंटला होणाऱ्या अडथळ्याला) फार भिऊ नका. १० मायक्रोहेन्री असला तरी २० किलोहर्ट्झला इम्पीडन्स (एकूण अडथळा) ८.१ ओहमच्या आसपासच जातो.

हॅलोजन बल्ब मात्र लोड म्हणून अजिबात लावू नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो, सुरू करताच आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.