मदत हवी आहे: पाळीव उंदराला धाप, गुरांचं औषध किती पातळ करायचं?

नर, वय सव्वादोन वर्षं, सोनाराच्या काट्यावर 400 ग्रॅम. बरगड्या ओढून श्वास घेतो, नाकाशी लाल स्राव (रक्त नव्हे, पॉर्फिरिन, म्हणजे डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लाल रंगद्रव्य). लक्षणं मायकोप्लाझ्माची, म्हणजे उंदरांच्या श्वसनमार्गातल्या जिवाणू-संसर्गाची. तालुक्याच्या दवाखान्यात गुरांचं एन्रोफ्लॉक्सॅसिन (अँटिबायोटिक) 10 टक्के इंजेक्शनच आहे, म्हणजे 1 मिलीत 100 मिग्रॅ. किलोमागे 10 मिग्रॅ धरलं तर एका वेळी 4 मिग्रॅ, म्हणजे 0.04 मिली. सिरिंजवर मोजणार कसं? पातळ न करता टोचलं तर कातडी सडते, म्हणून डॉक्टर तोंडावाटे द्यायला तयार आहेत. 1 मिलीत 9 मिली डिस्टिल्ड वॉटर घालून 0.4 मिली द्यावं, की औषध तळाशी बसतं? सोबत डॉक्सीसायक्लिन (दुसरं अँटिबायोटिक) कोणी दिलंय का?

कुटाराची धूळ नको म्हणून खाली सुती फडकी आहेत, मुताचा वास साचू नये म्हणून रोज बदलतो. पेज गालाच्या कडेनं थेंबथेंब. घाई केली की फुप्फुसात जाते.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात उंदीर बघतात का? नाहीच सुधारला तर आधी पूर्ण बेशुद्ध करून मगच शेवटचं इंजेक्शन देणारं कोणी हवंय. गेल्यावर त्याच्या जोडीदार उंदराला थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवल्यानं शोधाशोध कमी होते का? "उंदीरच तं आहे" हे गावात ऐकून झालंय, ते सोडून सांगा.