हार्ड डिस्क मंदावली आहे. डीफ्रॅग करावे का?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
घरच्या संगणकात मिनिटाला ५४०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क असून, बाबांनी स्कॅन करून ठेवलेली मोडी कागदपत्रे उघडायला हल्ली फार वेळ लागतो. डीफ्रॅगने, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे सलग लावल्याने, फरक पडेल का?

उत्तर १:
फिरत्या तबकडीवर फाइलचे तुकडे विखुरले की वाचणारे टोक सतत इकडून तिकडे सरकत राहते आणि त्यातच वेळ जातो. म्हणून डीफ्रॅगचा उपयोग होतो, मात्र निदान १५ टक्के जागा रिकामी असावी. एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) ते लागू नाही, तिला ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा रिकामी झाल्याचे डिस्कला कळवणारी आज्ञा) पुरते.

उत्तर २:
कृपया थोडे थांबावे. आधी डिस्कच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या) पाहाव्यात. त्यात 'रीअलोकेटेड' (खराब झाल्याने बदललेले भाग) किंवा 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) यांचा आकडा वाढत असेल, तर डीफ्रॅगच्या ताणाने डिस्क कायमची बंद पडू शकते. माझ्या डिस्कमधून टक-टक आवाज येत असतानाही मी सफाईच करत बसलो आणि मुलीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. त्या मोडी कागदांची प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर घ्या.

प्रश्नकर्ता:
पेंडिंग सेक्टर २४ दिसत आहेत. डीफ्रॅग रद्द केले असून प्रत घेणे सुरू आहे. मनापासून आभार.