सूड, बदला की पारिपत्य?

‘सूड’, ‘बदला’ आणि ‘पारिपत्य’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु किम जी-वून यांच्या ‘आय सॉ द डेव्हिल’ (२०१०) या कोरियन चित्रपटाबद्दल मराठीत चार ओळी लिहू गेल्यास यांतला नेमका कोणता योजावा, अशी पंचाईत होते. कथा थोडक्यात अशी : गुप्तचर संस्थेतील अधिकारी सू-ह्यून (ली ब्युंग-हुन) याच्या वाग्दत्त वधूची क्यंग-चुल (चोई मिन-शिक) निर्घृण हत्या करतो, आणि तिचे निवृत्त पोलीस अधिकारी असलेले वडीलच संशयितांची माहिती भावी जावयाच्या हाती देतात.

‘बदला’ हा अरबी ‘बदल’वरून आलेला, मूळचा देवघेवीचा शब्द. जिवाला जीव, की हिशेब चुकता. सू-ह्यूनला मात्र हिशेब मिटवायचाच नाही. खुनी हाती लागताच तो त्याचे मनगट मोडतो, ठावठिकाणा कळवणारी कॅप्सूल त्याच्या घशाखाली उतरवतो, उशाशी पैसे ठेवतो आणि त्याला मोकळा सोडतो. पुढच्या खेपेस टाचेची शीर कापतो, पुन्हा सोडतो. याला छळ म्हणावे लागेल, आणि छळाला सावज जिवंत लागते.

‘पारिपत्य’ बखरींतून आलेला भारदस्त शब्द. त्यात करणाऱ्याकडे अधिकार असतो आणि उपद्रवाचा बंदोबस्त अभिप्रेत असतो. सू-ह्यूनपाशी अधिकार आहे, पण तो रजा टाकून निघतो. उपद्रव तर त्याच्या सोडून देण्यामुळेच वाढतो. क्यंग-चुल जुलाबाचे औषध घेऊन ती कॅप्सूल पाडतो, थेट सू-ह्यूनच्या भावी सासऱ्यांचे घर गाठतो आणि मेव्हणीचाही जीव घेतो. या दुसऱ्या मृत्यूचे उत्तरदायित्व केवळ खुन्यावर टाकून सू-ह्यूनला मोकळे होता येईल, असे मला वाटत नाही. तेव्हा ‘पारिपत्य’ बाद. उरला ‘सूड’, आणि तोच मी वापरेन, कारण त्यात अधिकाराचा वा न्यायाचा दावा नसतो.

अखेरीस क्यंग-चुल पोलिसांना शरण जायला निघतो. दक्षिण कोरियाच्या कायद्यात फाशी असली, तरी ३० डिसेंबर १९९७ नंतर तेथे कोणालाही फाशी दिलेली नाही, हे ध्यानात घेतले की त्याची ही शरणागती पश्चात्तापापेक्षा पळवाटच वाटते. सू-ह्यून त्याला पोलिसांदेखत उचलून नेतो आणि पात्याखाली अशा रीतीने अडकवतो, की दार उघडताच पाते सुटावे. दार उघडतात ते खुन्याचे वृद्ध आईवडील आणि मुलगा.

या प्रसंगाचे वाक्य करताना ‘हातून’ आणि ‘करवी’ यांतला भेद उपयोगी पडतो. ‘हातून’ नकळत घडलेल्या कृत्यालाही चालते; ‘करवी’ म्हटले की करवून घेणारा आलाच. तो त्यांच्या हातून मेला, असे त्या तिघांपुरते म्हणता येईल. सू-ह्यूनबद्दल लिहिताना मात्र त्याने त्यांच्याकरवी त्याला मारले, असेच लिहावे लागेल.